मास्तर उतरले

गाडीत बसायच्या आधी डॉक्टर मॅडमनी चपला काढल्या आणि पोर्चच्या पायरीवर जोडीनं ठेवल्या.

"मॅडम, देऊळ नव्हे हे," मी म्हणालो.

"माहीत आहे की. अनवाणी पायाला गाडी जास्त कळते. तुम्हीच सांगितलेलं."

मी असं काही सांगितल्याचं मला आठवेना. पण मिरजेत चौतीस वर्षं लोकांना गाडी शिकवल्यावर कुणाला काय सांगितलं ते कुठवर आठवणार? माणसं मात्र लक्षात ठेवतात, आणि नको तेच जास्त लक्षात ठेवतात. त्या चालकाच्या दाराकडे वळल्या तशी मी आडवा झालो.

"आज मी चालवणार. उद्या तुम्ही."

 गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि जाताना बोनेटवरून हात फिरवत गेल्या.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पौषातली सकाळ होती. ती गाडी पिकल्या जांभळाच्या रंगाची होती, परदेशी कंपनीची, बुटकी, रुंद, आणि उभी असतानाच कुठेतरी निघाल्यासारखी दिसणारी. शोरूम कोल्हापूरचं. एरवी ते लोक अर्ध्या तासाच्या वर गाडी हातात देत नाहीत. पण तिथल्या मॅनेजरच्या दोन्ही मुली डॉ. हेमलता मगदूम यांच्या हातावर जन्मलेल्या, त्यामुळे तीन दिवस गाडी मॅडमच्या अंगणात. अर्धा तालुका त्यांच्या हातून जगात आला आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे माझ्या शेजारी बसून स्टिअरिंग धरलं. तेवढाच आमचा दोघांचा धंद्यातला संबंध.

आता मामला असा होता. मॅडमचे यजमान पारीसदादा आदल्या वर्षी गेले. बापू ड्रायव्हर दिवाळीत गुडघे धरून गावी गेला. मुलगा अभिनंदन बंगळूरला, मोठ्या नोकरीत. त्याचं म्हणणं, आईनं घर बंद करून तिकडे यावं. मॅडमचं म्हणणं, बेडगचा दवाखाना कोण बघणार? रोज दुपारी त्या बेडगला जात, गावातल्या बायकांना तपासत, तेवीस वर्षं. बापू गेल्यापासून ते बंद पडलं होतं आणि मॅडमही थोड्या बंद पडल्यासारख्या झाल्या होत्या. मग एके दिवशी त्यांनी ही गाडी बघितली आणि लेकाला फोन लावला, मी गाडी घेते आणि स्वतः चालवते. बासष्टाव्या वर्षी. तिकडे त्याची झोप उडाली. दोघांची आठवडाभर वादावादी होऊन शेवटी तोडगा निघाला की आवटी मास्तरांनी तीन दिवस गाडी बघावी, रोजच्या वापराला चालेल का ते सांगावं. मास्तर हो म्हणाले तर गाडी, नाही म्हणाले तर पंधरा दिवसांत बंगळूर. आवटी मास्तर म्हणजे मी.

"पण हीच गाडी का?" मी त्यांना विचारलं होतं.

"आवडली," त्या म्हणाल्या. "बासष्ट वर्षांत एकही वस्तू नुसती आवडली म्हणून घेतली नाही हो मी."

गाडी पारखायची माझी स्वतःची एक रीत होती. वही-पेन्सिल तर सगळेच घेतात. मी घरचं विरजलेलं दही घेत असे. वाटीएवढा स्टीलचा डबा, त्यात रात्री लावलेलं घट्ट दही, वर झाकण. डबा शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर द्यायचा आणि गावभर फिरून यायचं. झाकण उघडल्यावर दही अखंड असलं तर गाडी रोजच्या वापराची. मोडून पाणी सुटलं असलं तर कंपनीनं कागदावर काय वाट्टेल ते छापू दे. माझी बायको महानंदा दर वेळी डबा देताना विचारायची, "दही खायला लावतात की गाडीतनं मिरवायला?" आणि तरी देताना झाकण नीट बसलंय का ते दोनदा बघायची.

पहिल्या दिवशी मी चालवली. मॅडम शेजारी, मांडीवर डबा. वहीत मी भराभर लिहीत गेलो, म्हणजे सिग्नलला थांबलो की लिहीत होतो. बसायला पाटावर बसल्यासारखी खाली, उतरताना गुडघ्यांची परीक्षा. मॅडमच्या मिरजेतल्या दवाखान्यासमोरच्या गतिरोधकावर पोट घासतं. एसी कमी करायला बटण नाही, पडद्यावर तीनदा टोचावं लागतं. शेळी आडवी आली तरी गाडी स्वतःच किंचाळते. डिकीत जादा चाकानंच बस्तान मांडलंय, औषधांचे दोन खोके जेमतेम. बाजारात लिटरला आठ. असं पानभर झालं. एका ठिकाणी मी 'पण' एवढंच लिहून ठेवलं होतं आणि पुढे काहीच लिहिलं नव्हतं.

तो 'पण' म्हणजे काय, ते सांगणं अवघड आहे. काचा वर केल्या आणि मिरज मुकी झाली. लक्ष्मी मार्केटसमोर केळीवाला तोंड उघडून ओरडत होता, रिक्षावाले एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, एक बाई हसत होती, आणि आत आम्हाला आमचा श्वास ऐकू येत होता. ज्या रस्त्यांवर माझं आयुष्य गेलं ते रस्ते मला कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून दाखवायला घेतल्यासारखं वाटलं. मग सांगलीच्या रस्त्याला लागलो. मॅडमनी समोरचं एक बटण दाबलं, "हे काय बघू या," म्हणत. गाडी खाली बसल्यासारखी झाली, आवाज घोगरा झाला, आणि मी पाय ठेवला न ठेवला तोच झाडं मागे पळाली. माझं वय एकसष्ट. पोटात गोळा आला, आणि खोटं कशाला बोलू, तो गोड होता.

परत आल्यावर झाकण उघडलं. दही जसंच्या तसं.

संध्याकाळी अभिनंदनचा फोन आला.

"मास्तर, कशी आहे गाडी?"

"बघतोय अजून."

"मास्तर, एक मागू का?" त्याचा आवाज खाली आला. "नाही म्हणा. गाडी चांगली असली तरी नाही म्हणा. बाबांच्या वेळी मला यायला सात तास लागले. पोचलो तर सगळं झालेलं. आता आई त्या रस्त्यावर एकटी, असली पळणारी गाडी... मला रात्री डोळ्यांपुढे तेच येतं."

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. हा पोरगा मी शिकवलेला. तो वाईट मनानं बोलत नव्हता हे मला कळत होतं, म्हणूनच पंचाईत झाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी चालवली. मी मुद्दाम मागे बसलो, डाव्या कोपऱ्यात, मागची जागा कशी आहे ते बघायला. मागची जागा वाईट होती. गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, डोकं छताला, मांडीवर दह्याचा डबा. मॅडम गल्ल्यांतून, बाजारातून, पुलावरून नेत होत्या. सगळं नियमात, हात जागेवर, वळणाला दिवा. पण मधूनच कचकन ब्रेक लागे. समोर काही नसताना. मी दचकलो की पुन्हा एकदा. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, सारखे दिसत होते, आणि मला बरंच वाटलं. म्हातारपणी शिष्यानं इतकं लक्ष ठेवावं, याचं कुणाला वाईट वाटेल?

घरी आल्यावर त्यांनीच विचारलं, "मोडलं?"

मी झाकण उघडून दाखवलं. दह्याचे चार तुकडे होऊन मधे पाणी तरंगत होतं.

त्यांनी मान हलवली. डॉक्टर रिपोर्ट वाचतात तशा शांतपणे त्या डब्यात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाडी कडक आहे ना?"

"हो," मी म्हणालो. पण आदल्या दिवशी याच गल्ल्या, हीच गाडी, आणि दही अखंड होतं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्या आत गेल्या. मी वहीत लिहिलं, 'गाडी यांच्या हातची नाही.' लिहिल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. आता अभीला खोटं सांगावं लागणार नव्हतं. रात्री मात्र जेवण अर्धवट टाकून मी उठलो.

तिसरा दिवस बेडगच्या रस्त्याचा. तो रस्ता त्यांचा रोजचा, तेव्हा खरी परीक्षा तिथेच. महानंदानं त्या दिवशी दोन डबे दिले, "एक जायला, एक यायला. आणि मोडलं तरी मॅडमच्या तोंडावर बोलू नका." मॅडमनीही स्वतःचा जेवणाचा डबा घेतला होता. जैनांचं घर, सूर्य बुडायच्या आत जेवायचं. दवाखान्यात उशीर होई तेव्हा त्या बेडगलाच चार घास खाऊन घेत, हे मला बापूकडून ठाऊक होतं. पावणेपाचला आम्ही निघालो. मी शेजारी बसलो.

गाव संपलं तसा उजेड बदलला. पौषातलं ते पिवळं, थकलेलं ऊन शेतांवर पसरलं होतं. तोडणी झालेल्या उसाच्या फडात पाचट जळत होतं आणि त्याचा धूर रस्त्यावर आडवा होऊन थांबला होता. त्यातून आम्ही आवाज न करता गेलो. द्राक्षाच्या बागांवर जुन्या साड्या बांधल्या होत्या, पाखरांसाठी. लाल, हिरव्या, मोरपंखी. त्या हलत होत्या आणि वारा आम्हाला ऐकू येत नव्हता. मला वाटलं, झोपेत दिसतो तो रस्ता असा असतो. ओळखीचा असतो आणि कुठं जातो ते माहीत नसतं.

आणि त्यात मधूनच, कचकन ब्रेक.

मागून ट्रकचा हॉर्न आला. माझ्या शिकवणीच्या गाडीत मास्तरसाठी वेगळा आरसा असतो, डाव्या बाजूला, माझा मला. या गाडीत तो नव्हता. म्हणून चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी वाकून शिकणाऱ्याच्या आरशात बघितलं.

आरशात ट्रक नव्हता. रस्ताही नव्हता. आरशात मागची सीट होती, डावा कोपरा, रिकामी.

"मॅडम, आरसा हलला वाटतं."

"नाही."

"मागचं काही दिसत नाही यात."

 ट्रक आम्हाला ओलांडून गेला. "तिथं पारीस बसायचे," त्या म्हणाल्या. "मी शिकत होते तेव्हापासून. बरोबर चाललंय म्हणायचं असलं की चष्मा वर सरकवायचे. चुकलं की खिडकीबाहेर बघायचे. बोलायचे काही नाहीत. मी आरसा तसाच लावून घेतला, मग तीच सवय झाली."

"दादा गेल्यावर सुद्धा?"

"दादा गेल्यावर मी चालवलीच कुठं? बापू होता." त्यांनी हळूच पुढे जोडलं, "आणि त्याच्याआधीसुद्धा एकटी कधी चालवली नाही, मास्तर. रात्री अपरात्री केस आली तरी ते उठून मागे बसायचे. दवाखान्याबाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे, मी येईपर्यंत. लोकांना वाटतं मॅडम गाडी चालवतात. कुणीतरी बसल्याशिवाय मी कधीच चालवली नाही. एकदाही नाही."

 पुढे एक बैलगाडी होती, बरीच लांब. आणि पुन्हा ब्रेक लागला.

"आता का लावला?"

"तुमचा पाय हलला."

"माझा पाय?"

"तुमचा पाय हलला की मी ब्रेक लावते. पहिल्यापासून. तुम्ही म्हणायचा, मॅडमना ब्रेकची जाण चांगली आहे." त्या हसल्या. "मला ब्रेकची नाही, तुमच्या बुटाची जाण आहे."

मी खाली बघितलं. शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूला जादा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी दाबायचो. इथं पायाखाली नुसती सतरंजीसारखी मॅट होती, आणि माझ्या उजव्या बुटानं तिच्यावर घासून घासून पांढरा ठसा पाडला होता. मी अख्खा रस्ता ब्रेक दाबत आलो होतो. माझं मलाच कळलं नव्हतं. काल मागे बसून मी दचकत होतो तेव्हा त्या आरशात माझं तोंड बघत होत्या. दही गाडीनं मोडलं नव्हतं आणि त्यांनीही मोडलं नव्हतं. मला इतकी शरम वाटली की वही मी सीटखाली सारली.

इथं आमच्या शिकवणीची एक पद्धत सांगायला हवी, ती मिरजेत सगळ्यांना माहीत होती. शिकणाऱ्याचा हात बसला की एक दिवस मी त्याला बेडग रस्त्यावर नेई. अर्ध्या वाटेवर एक ओढा आहे, त्यावर मोरी आणि मोरीला लागून कडुनिंब. तिथं गाडी थांबवायला सांगून मी उतरायचो आणि दार लावून घ्यायचो. त्यानं एकट्यानं बेडगच्या वेशीपर्यंत जायचं, वळवायची आणि मला घ्यायला परत यायचं. मी मोरीच्या कठड्यावर बसून राही. लायसन सरकार देतं, पण गावात लोक विचारायचे, "मास्तर उतरले का?" मास्तर उतरले म्हणजे झालं. चौतीस वर्षांत सगळे परत आले. कुणी वीस मिनिटांत, कुणी अर्ध्या तासात, घामाघूम होऊन, पण मला त्या कठड्यावर ठेवून कुणी गेलं नाही.

मॅडमच्या वेळी मी उतरलो नव्हतो. सव्वीस वर्षांपूर्वी त्याच कडुनिंबाखाली मी दाराला हात घातला होता. मागून पारीसदादा म्हणाले, "ऊन आहे मास्तर, बसा. पुढच्या आठवड्यात बघू." भला माणूस, प्रेमानं म्हणाला. मी बसलो. पुढच्या आठवड्यात लायसन आलं, आणि तो आठवडा कधी आलाच नाही.

कडुनिंब दिसायला लागला.

"थांबवा," मी म्हणालो.

त्यांनी गाडी कडेला घेतली. मी दार उघडलं तसा त्यांनी माझा हात नाही, पण बाही धरली.

"ऊन आहे मास्तर. बसा की."

"पाच वाजून गेले मॅडम. कसलं ऊन."

त्यांचा हात बाही सोडेना. ज्या हातानं उलटी आलेली बाळं सरळ केली, तो हात. मला वाटलं बसावं. अभीचं तोंड डोळ्यांपुढे आलं. काही झालं तर मी त्याला काय सांगणार होतो? मी उतरलो आणि वाकून आत बघितलं.

"आरसा लावा."

त्यांनी बराच वेळ आरशाकडे बघितलं. मग दोन बोटांनी तो फिरवला, अगदी सावकाश, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून हात काढून घ्यावा तसा.

"काय दिसतंय?"

"रस्ता."

"कुठला?"

"आलो तो."

दुसरा डबा मी पंच्यात गुंडाळून आणला होता; उघडून बघितला, दही मोडलं नव्हतं. तो दोन सीटांच्या मधल्या खोबणीत ठेवला आणि दार लावलं. गाडी जागची हलेना. मी पाठ फिरवून कठड्यावर जाऊन बसलो, कारण मी बघत राहिलो असतो तर त्या निघाल्याच नसत्या. मग मागे खडी करकरली, आणि वळून बघितलं तेव्हा जांभळा ठिपका उसामागे जात होता.

मी बसून राहिलो. ओढ्यात पाणी कमी होतं, पण होतं. बगळे होते. वीस मिनिटं झाली. माझा उजवा पाय सारखा जमिनीवर दाबला जात होता आणि मी तो सारखा उचलत होतो. अर्धा तास झाला. बेडगची वेस इतकी लांब नाही.  दोन ट्रॅक्टर आले, एक मोटारसायकल आली, त्यांना विचारावंसं वाटलं आणि विचारायचा धीर झाला नाही. चाळीस मिनिटं झाली आणि खिशात फोन वाजला. अभिनंदन.

"मास्तर, आज तिसरा दिवस. काय ठरलं?"

"अभी," मी म्हणालो, "मी उतरलोय."

 मग त्यानं विचारलं, "कडुनिंबापाशी?"

"होय."

"आई एकटी गेली?"

"एकटी."

"किती वेळ झाला?"

"चाळीस मिनिटं."

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी वाट बघत होतो की आता हा मला बोलणार, आणि त्यानं बोलावं, त्याचा हक्कच होता. पण तो म्हणाला, "मला किती वेळ लागला होता?"

"बावीस मिनिटं. शर्ट पिळून काढावा इतका भिजला होतास."

"मला आठवतंय ते झाड," तो म्हणाला. "वळवून परत येताना ते दिसलं आणि वाटलं, अजून थोडं लांब असतं तर बरं." मग, "गाडी कशी आहे, तेवढं तरी सांगा."

"ते आता तिलाच विचार. मी गाडीत नाही."

फोन ठेवला तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. सगळे तुरे पेटल्यासारखे दिसत होते आणि आवाज कसलाच नव्हता. त्या उजेडातून गाडी आली, आधी दोन दिवे, मग तो रंग. मी उठलो, धोतर झटकलं, हात वर केला.

गाडी थांबली नाही. वेगही कमी झाला नाही. एकसारखी, पाण्यावरून यावी तशी ती माझ्या समोरून गेली. काचेआड मॅडम ताठ बसल्या होत्या, नजर रस्त्यावर, आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या गात होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही. एकदा त्यांनी मान उचलून आरशात बघितलं, मागचा रस्ता बघितला असणार, त्यात मी हात वर करून उभा होतो, आणि तरी त्यांना मी दिसलो नाही. मागचे तांबडे दिवे मिरजेच्या दिशेनं लहान होत गेले.

मी तसाच हात वर करून किती वेळ उभा होतो कोण जाणे. मला हसू येत होतं आणि डोळ्यांना पाणीही येत होतं. शेवटी दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हर माझाच शिकलेला. कॅनच्या शेजारी जागा करून देत तो म्हणाला, "मास्तर, आज कोण इसरलं तुमास्नी?"

"मगदूम मॅडम," मी म्हणालो. इतक्या अभिमानानं मी कुणाचं नाव घेतल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आमच्या दारात ती गाडी उभी राहिली. मॅडम उतरल्या, गाडीच्या दाराला धरून, गुडघे सावरत. माझ्या वहीतलं ते गुडघ्यांच्या परीक्षेचं वाक्य खरंच होतं. पुढे अकरा वर्षं त्या रोज तशाच कण्हत उतरल्या, आणि अकरा वर्षं त्या गाडीचं पोट दवाखान्यासमोरच्या गतिरोधकावर घासत राहिलं. पण ते नंतर.

"मास्तर," त्या म्हणाल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "काल तुम्हाला घ्यायचंच राहिलं हो. बेडगच्या वेशीत वळवायची होती, मी पुढच्या गावापर्यंत, आरगपर्यंत गेले. परत येताना काय झालं मला कळलंच नाही. अंथरुणावर पडल्यावर आठवलं, मास्तर कठड्यावर आहेत. माझी झोपच गेली."

"जेवलात का काल?" महानंदानं आतून येत विचारलं.

"नाही. तेही राहिलं. सूर्य बुडाला तेव्हा मी रस्त्यावर होते. उपास घडला." आणि त्यांनी पदराआडून स्टीलचा डबा काढला. "हा तुमचा डबा. उघडलेला नाही. तुम्हीच बघा."

महानंदानं तो हातात घेतला. झाकण घट्ट बसलं होतं, तिनं पदरानं धरून फिरवलं. आम्ही तिघांनी डोकी पुढे केली.

दही रात्रभरात आंबट झालं होतं, वास तसा येत होता. पण कुठं तडा नव्हता, पाणी सुटलं नव्हतं. वरची साय लावली तशी होती. महानंदानं चमच्यानं त्याचे तीन भाग केले आणि साखर आणायला आत गेली.